रिकाम्या खोलीला हाक

लिलाव पुकारणाऱ्या माणसानं आमच्या शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून "आहे का कोणी?" अशी हाक मारली आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर आईला चिकटून बसलेल्या मुलीनं "ओ" दिली. झालं एवढंच. संस्थेच्या अध्यक्षांना हसू आलं, मोठ्या बाईंनी उगाचच चष्मा पुसायला घेतला, मुलीच्या आईनं तिच्या दंडाला चिमटा काढला. माझ्या हातात अर्जांची चळत होती, तिच्यातला वरचा कागद खाली पडला आणि तो उचलायला मी वाकले ती लागतं त्यापेक्षा जरा जास्त वेळ वाकून राहिले. शाळेत नवा शिपाई नेमायचा होता आणि हा लिलाववाला पहिला उमेदवार. जुना शिपाई म्हणजे माझे वडील. साऱ्या शाळेचे ते मामा, आणि मी याच शाळेत शिकले, याच शाळेत कारकून झाले, त्यामुळे फाटकाच्या आत माझेही मामाच. बापाला मामा म्हणणारी पोरगी जगात एकच, असं आई म्हणायची. फाटकाच्या बाहेर पडलं की ते आप्पा व्हायचे. तर आप्पांच्या जागेवर माणूस बघायचं चाललं होतं आणि उमेदवारांना एकेक करून आत सोडायचं काम माझ्याकडे होतं. अध्यक्षांनी सकाळीच विचारलं होतं, "तुम्हाला चालेल ना? नाहीतर दुसऱ्या कुणाला सांगतो." मी म्हणाले, चालेल की. न चालून सांगते कुणाला.

आमच्या शाळेची एक रीत आहे. शाळा सुटली, मास्तर-बाई गेले, की शिपायानं किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेक खोली बंद करत जायचं, आणि प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून तीनदा विचारायचं, आहे का कोणी? मगच कुलूप. मुलांना पहिलीत आल्याबरोबर शिकवतात, की मामांची हाक आली तर ओ द्यायची आणि असाल तिथंच उभं राहायचं. पळायचं नाही, मामा येऊन हाताला धरून नेतील. फार पूर्वी कुणी मूल हाकेसरशी धावत सुटलं आणि अंधाऱ्या जिन्यावरून कोसळलं, तेव्हापासूनचा हा नियम. चांगला नियम आहे. वाईट नियम कुणी पाळत नाही, म्हणून त्यानं फारसं नुकसानही होत नाही. लहानपणी शाळा सुटल्यावर आप्पांची वाट बघत मी रिकाम्या वर्गांतून हुंदडायचे आणि त्यांची चाहूल लागली की एखाद्या बाकाखाली दडायचे. फरशी गार लागायची. बाकाच्या खालच्या अंगाला वाळलेली शाई, कुणी कुणी चिकटवलेलं काहीबाही. मग लांबून चपलांचा आवाज जवळ जवळ येत दारात थांबायचा. आहे का कोणी? मी तोंडावर हात दाबून धरायचे. आणि प्रत्येक हाकेनंतर ते थांबायचे. केवढे थांबायचे. त्या थांबण्यात मला माझं काळीज ऐकू यायचं, भिंतीवरची पाल चुकचुकलेली ऐकू यायची, आणि शेवटी राहवेनासं होऊन मी ओ द्यायचे. "कोण आहे?" "मी." "मी म्हणजे कोण?" "तुमची लेक." "माझी लेक तर घरी अभ्यासाला बसलीय. ही कोण भामटी शिरली शाळेत?" असं म्हणत ते आत यायचे आणि मला हाताला धरून बाहेर काढायचे. त्यांच्या हाताला किल्ल्यांचा वास असायचा.

तो प्रकार झाला त्या शनिवारी अर्धी शाळा होती. बाकावरची ही मुलगी चौथीतली. खेळाच्या सरांनी तिला उड्या मारायच्या दोऱ्या जागेवर ठेवायला पाठवलं होतं. खेळाच्या सामानाची खोली व्हरांड्याच्या पार टोकाला आहे, मागच्या बाजूला ओसाड जागा, एकच खिडकी आणि तीही छताला टेकलेली. ती मांडणीमागे दोऱ्या गुंडाळत बसली होती तेव्हा आप्पा दारात आले, तीनदा हाक मारली आणि कुलूप लावून घरी गेले. संध्याकाळपासून सगळे तिला शोधत होते. नदीकाठ झाला, बसस्थानक झालं, सगळे नातेवाईक झाले. रविवारी पोलीस आप्पांना घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत आलेही होते. आप्पा म्हणाले, मी प्रत्येक खोलीत हाक मारलीय, आत कोणी नाही. हाक मारली म्हटल्यावर कुलपं उघडायची गरज कुणालाच वाटली नाही. सोमवारी सकाळी खेळाच्या सरांनी चेंडू काढायला दार उघडलं. ती मांडणीमागे उभी होती. घसा पार बसलेला, ओठ फुटलेले, आणि दार उघडं दिसत असूनही ती पुढे येईना. सर सांगतात, हाताला धरून नेलं तेव्हा कुठे तिनं पाऊल उचललं.

मग चौकशी झाली. चौकशी म्हणजे मोठ्या बाईंच्या खोलीत चहा आणि अध्यक्षांचे प्रश्न. मामांनी हाक मारली होती का? मारली होती. कुणी ऐकली? ऐकली तर सगळ्यांनीच होती. आप्पांची हाक रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जायची, ती ऐकून लोक घड्याळं लावायचे. मी स्वतः ऑफिसात दार लावून टेबल आवरत होते, मीही ऐकली होती. मुलीला विचारलं तर ती बसक्या आवाजात म्हणाली, "मी ओ दिली होती." मग काय झालं? "मग कुलूप लागलं." अध्यक्ष म्हणाले, बाळ, नीट आठव, झोप लागली असेल तुला. ती म्हणाली, मी ओ दिली होती. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारल्यावरही तेच. शेवटी मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसारखं ठरवलं, की पोर झोपली होती, हाक तिच्यापर्यंत पोचली नाही, आणि घाबरल्यामुळे आता काहीतरी सांगतेय. कुणी तिला खोटारडी म्हटलं नाही. वर्गातली मुलं म्हणाली, पण मुलांचं काय, ती घरात ऐकतात तेच शाळेत आणून बोलतात. आप्पांना मानानं निरोप द्यायचा ठरला आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं, ठोके देणारं. ते आमच्या बाहेरच्या खोलीत आप्पांच्या खाटेच्या वर लावलंय. असा दणका देतं तासातासाला, की आतल्या खोलीत माझी झोपमोड होते. आप्पा खाली गाढ झोपलेले असतात. मी मनात म्हणायचे, मन साफ असलं की माणसाला अशी झोप लागते.

त्यानंतर आप्पांचं बोलणं एका वाक्यावर आलं. मी हाक मारली होती. जेवताना मध्येच, पाणी पिता पिता, दाराशी कुणी येऊन बसलं तर त्याला: मी हाक मारली होती, विचारा कुणालाही. लोक म्हणायचे, हो मामा, आम्ही ऐकली की. तेवढ्यानं त्यांचं भागायचं. सगळा जन्म ज्या नोकरीत गेला तिच्यातून त्यांनी एवढंच घरी आणलं होतं, आणि ते खरं होतं. खरं असल्यामुळे मला त्याचा आधार वाटायचा. मुलीबद्दल मी फार विचार करायचं टाळत होते. पोर जगली ना, मग, असं म्हणायचे.

आज सकाळी तिची आई तिला घेऊन दाखला न्यायला आली. दुसऱ्या शाळेत घालायचं ठरलंय. आई कपडे शिवते, बोटांना सुया टोचलेल्या, बोलताना माझ्याकडे न बघता टेबलाच्या कडेकडे बघत होती. मी कोणाची मुलगी हे तिला ठाऊक होतं. मोठ्या बाईंची सही राहिली होती आणि मोठ्या बाई मुलाखतीत, म्हणून म्हटलं, बसा बाकावर, करून देते. मुलीला मी विचारलं, कशी आहेस? आईच म्हणाली, "बोलत नाही फारशी. पण हाक ऐकली की ओ देते. कुणाचीही. रस्त्यानं भंगारवाला हाक देत गेला, तरी ही आतून ओ देते. शेजारणीनं तिच्या पोराला हाक मारली, तरी ही ओ देते. ओ देते आणि तिथंच उभी राहते. मी जाऊन हाताला धरलं की हलते." मग म्हणाली, "कपडे न्यायला येणारी माणसं हसतात, ताई." मी तिला पाणी दिलं.

तर लिलाववाल्यानं हाक मारली आणि ती ओ देऊन बसली. खरं तर बसली नाही, उभी राहिली. आईनं खाली ओढलं. हाक मारायला लावायची कल्पना अध्यक्षांची. मागचा प्रकार हाक न पोचल्यामुळे झाला, तेव्हा नव्या माणसाचा आवाजच आधी तपासायचा, बाकी झाडू मारणं काय कुणीही करतं, असा त्यांचा विचार. लिलाववाला जुन्या बाजारात सामान पुकारून विकायचा, तो बाजार उठला म्हणून इथं आला होता. छाती अशी, की शर्टाची बटणं बिचारी नोकरी सोडून जायच्या बेतात. त्यानं एकाच जागी उभं राहून तिन्ही हाका मारल्या आणि खिडकीची तावदानं थरथरली. "वा," अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात हाक. मेलेला उठून बसेल." मग त्यांना वाटलं, इथं बसून काय कळणार, म्हणून मला म्हणाले, "बाई, तुम्ही जरा त्या शेवटच्या खोलीत जाऊन बसा. मांडणीमागे. उरलेल्या दोघांचा आवाज तिथवर येतो का सांगा." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ज्या खोलीत हाक पोचली नाही असं ठरलं होतं त्याच खोलीत ती पोचते का हे बघायचं होतं त्यांना, आणि हिशेबानं ते बरोबरच होतं.

मी त्या खोलीत गेले. इतकी वर्षं शाळेत असून मी मांडणीमागे कधी गेले नव्हते. रबराचा वास, काथ्याच्या चटयांचा वास, मैदानावर रेघा मारायच्या फक्कीचा कोरडा वास नाकातोंडात बसतो. भिंतीशी तिरप्या ठेवलेल्या चटईवर एका जागी फक्कीत बोटं ओढल्यासारखं दिसत होतं. ते त्या वेळचं की कुठल्याही पोराचं, कोण जाणे. दोऱ्या खुंटीला नीट गुंडाळून अडकवलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. एका बंद कारखान्याचा जुना राखणदार आला. तो तालावर पावलं टाकत प्रत्येक दारात हाक मारत निघाला, न थांबता, कवायतीत असल्यासारखा. त्याची पहिली हाक लांबून आली, स्पष्ट आली. आणि तिच्या मागून, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावरून, आईनं दाबलेल्या तोंडातून एक बारीकशी ओ आली. तीही मला ऐकू आली.

मी तिथंच उभी राहिले. एवढ्या लांबून, चिमटे खाऊन आवाज खाली गेलेल्या मुलीची ओ इथं मांडणीमागे ऐकू येत होती. मग इथून दिलेली ओ दारात ऐकू येणार नाही? दार तर हे एवढ्यावर. मी हात लांब केला असता तर मांडणीच्या फटीतून बाहेर निघाला असता. राखणदार दारात येऊन हाक मारून गेला, त्याच्या घामाचा मला वास आला इतका तो जवळ होता. आवाज येतो का, असं मला लांबून विचारलं अध्यक्षांनी. मी म्हणाले, येतो. माझं म्हणणं त्यांना तिकडे ऐकू गेलं, कारण ते म्हणाले, ठीक आहे, पुढचा.

पुढची एक बाई होती. दवाखान्यात आयाचं काम करायची, रात्रपाळीला. आवाज बेताचाच. अर्ज देताना माझ्याशी बोलली तेव्हाही मला दोनदा विचारावं लागलं होतं. ती खोल्या घेत घेत येत होती आणि तिला फार वेळ लागत होता. का लागतोय ते मला आधी कळेना. मग ती या दारात आली. "आहे का कोणी?" शेजारच्या खोलीतल्या माणसाला विचारावं तसं विचारलं. आणि थांबली. मांडणीच्या फटीतून मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता. मान थोडी कलती, श्वास धरलेला, नजर कुठंच नाही. सगळी बाई कानात येऊन बसलेली. रात्री कुठल्या खाटेवरून कोण कण्हतंय ते शोधणारी बाई, तिला थांबायला कुणी सांगायला नको होतं. ते थांबणं मी ओळखलं. किती वर्षांनी. मी काय करतेय हे कळायच्या आत मी ओ दिली. "कोण आहे?" तिनं विचारलं. "मी," मी म्हणाले. "या हं बाहेर. सावकाश या, खाली दोऱ्या आहेत." मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. मी बाहेर आले आणि पदरानं फक्की झटकत उभी राहिले.

कारण आप्पांची हाक मला आठवत होती. आताची, गेल्या कित्येक वर्षांची. आहे का कोणी आहे का कोणी आहे का कोणी, आणि खट्. तिन्ही हाका एका दमात आणि कुलूप त्यांच्या पाठीला पाठ लावून. मी ऑफिसात टेबल आवरताना रोज ऐकायचे. मधलं ते थांबणं कधी नाहीसं झालं, माझ्या लक्षातच आलं नाही. माणूस रोज जिना चढतो, एक पायरी कुणी काढून नेली तर ठेच लागून कळतं. आवाजातलं थांबणं काढून नेलं तर ठेचही लागत नाही. का थांबायचे नाहीत ते? आणि तिथं त्या व्हरांड्यात, हातात अर्ज घेऊन, एकामागून एक सगळं माझ्या अंगावर यायला लागलं. चुलीवरचं दूध पाठीमागे चरचरत उतू जातंय आणि हे खिडकीतून बाहेर बघतायत. रेडिओ कुणालातरी देऊन टाकला, म्हणाले, हल्ली चांगलं काही लागत नाही. बोलताना माझ्या तोंडाकडे असे रोखून बघायचे, की मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलंय. आणि घड्याळ. ते घड्याळ.

मी सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं. मामांना ऐकू येत नाही. त्या मुलीनं ओ दिली होती, ती त्यांना ऐकू आली नाही. मोठ्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. अध्यक्षांनी माझ्याकडे खुर्ची सरकवली. वाईट माणूस नाही तो. शाळेची गच्ची गळत होती तेव्हा स्वतः वर चढला होता. म्हणाले, "बाई, बसा आधी. पाणी प्या. हे आता बोलून काय होणार? बहिऱ्या माणसाला तुम्ही शिपाई ठेवलात कसा, असं उद्या शंभर आईबाप येऊन विचारतील. आणि कुणाचा बाप उघडा पडणार? तुमचाच. झाकली मूठ आहे, राहू दे." मी म्हणाले, त्या पोरीला सगळे खोटी म्हणतात. ते म्हणाले, "दुसऱ्या शाळेत चाललीय ना ती? तिथं कुणाला काय ठाऊक?" मी बाहेर आले तर बाक रिकामा. मी मांडणीमागे असतानाच मोठ्या बाईंनी सही करून दाखला पाठवून दिला होता. जागा लिलाववाल्याला मिळाली. आयाबाईला आवाजामुळे नाही म्हटलं. ती जाताना मला म्हणाली, "मला वाटलंच होतं, माझा आवाज कमी पडतो." मला तिला काय सांगायचं होतं ते ठाऊक होतं, पण ती छत्री उचलून निघूनही गेली.

घरी जाताना मी लांबच्या रस्त्यानं गेले. आईचं दुखणं आठवत होतं, आणि नको म्हटलं तरी आठवत होतं. शेवटी शेवटी ती आतल्या खोलीत पडून असायची आणि आप्पा बाहेर उंबऱ्यावर, रस्त्याकडे तोंड करून. ती हाका मारायची. अहो. अहो, ऐकलंत का. मी शाळेतून येईपर्यंत हाका मारमारून थकून गेलेली असायची. मी म्हणायचे, अगं, ते बसलेत बाहेर. ती म्हणायची, बसू दे, दमले असतील. एवढी भांडखोर बाई, पण त्यांच्यावर चिडली नाही. चिडले ती मी. असला कसा दगड माणूस, बायको हाका मारत मरतेय आणि हा ढिम्म, हे मी मनात धरून ठेवलं, ते इतकी वर्षं. वरवर सगळं करत होते, जेवायला वाढत होते, कपडे धूत होते, पण आत तो दगड तसाच होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा राग यायला मला बरं वाटायचं. आता तो रागही हातातून गेला. त्याच्या जागी काय ठेवायचं ते मला कळत नव्हतं. मी भाजीच्या दुकानासमोर उभी होते आणि दुकानदार विचारत होता, काय देऊ ताई, काय देऊ.

आप्पा दाराकडे पाठ करून बसले होते. एक जुनं कुलूप मोकळं करून त्याला तेल देणं चाललं होतं. हल्ली हाच त्यांचा उद्योग. मी उंबऱ्यावर उभी राहिले. "आप्पा," म्हणाले. तेलाची पिचकारी हलत राहिली. "आप्पा." मग माझ्याच घराच्या दारात उभी राहून मी म्हणाले, "आहे का कोणी?" नेहमीच्या आवाजात, ना हळू ना मोठ्यांदा. आणि थांबले. तेवढ्यात वरच्या घड्याळानं ठोके दिले, एवढे कर्कश, की मी दचकले. आप्पांची मानसुद्धा हलली नाही. मी आत पाऊल टाकलं तशी माझी सावली कुलपावर पडली आणि ते वळले. "आलीस? मिळाला का माणूस?" आवाज तोच, खणखणीत, गल्लीच्या टोकाला जाईल असा. त्यांची नजर माझ्या तोंडावर येऊन थांबली. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. मिळाला.

"आवाज आहे का त्याला?"

आहे, मी ओठांनी म्हणाले. मोठा आहे.

"मग झालं. या कामाला आवाज लागतो," ते म्हणाले आणि पुन्हा कुलपाकडे वळायला लागले. मी खाली बसून त्यांचा हात धरला. तेलानं बुळबुळीत झाला होता. मी त्यांच्यासमोर तोंड नेलं आणि एक शब्दही न उच्चारता सांगितलं, सावकाश, पुन्हा पुन्हा: ती ओ देत होती, आप्पा. त्या मुलीनं ओ दिली होती. तुम्हाला ऐकू आली नाही. भिंतीपलीकडे शेजारी जेवत होते, त्यांच्या ताटांचे आवाज येत होते, आणि आमच्या खोलीत हे एवढं मोठं बोलणं काही आवाज न होता चाललं होतं. आप्पा बघत राहिले. आधी त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. तोंड उघडलं, मी हाक, एवढं म्हणाले आणि बंद केलं. मग म्हणाले, "तू आत्ता आवाज काढत नव्हतीस?" मी मान हलवली. "अजिबात?" अजिबात नाही. त्यांनी कुलूप फडक्यावर ठेवलं.

"कळलंच नाही गं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "हळूहळू झालं असणार. पोरं ओ देईनाशी झाली. आधी असायचं एखादं रोज, कुणी डबा विसरलेलं, कुणी रुसून बसलेलं. मग हाक मारली की कुणी नसायचंच. मला वाटलं, पोरं शहाणी झाली. वेळेवर घरी जायला लागली." मी विचारलं, आणि आई? आई हाका मारायची आतून. हे मी विचारायला नको होतं. त्यांनी माझे ओठ नीट वाचले, कपाळाला आठी घालून, आणि साध्या आश्चर्यानं विचारलं, "कधी?" मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मी म्हणाले, कधी नाही. मला वाटलं तसं. ते बराच वेळ बोटांचं तेल फडक्याला पुसत राहिले, बोटं कोरडी झाली तरी पुसत राहिले. मग उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि विचारलं, "घर ठाऊक आहे तुला तिचं?"

घर दोन गल्ल्या सोडून होतं. दिवे लागले होते. आप्पा माझ्या पुढे पुढे चालत होते, एवढ्यात त्यांना असं चालताना मी बघितलं नव्हतं. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं की नाही कोण जाणे. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता आणि खिडकीच्या पडद्यावर एक लहान डोकं दिसत होतं. कडी वाजवावी म्हणून मी हात उचलला, पण आप्पा उंबऱ्यासमोर उभे राहिले आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांच्या तोंडून तेच निघालं. "आहे का कोणी?"

शिवणयंत्र थांबलं. पडद्यावरचं डोकं उठून उभं राहिलं. आप्पांनी वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. आतून काहीच आलं नव्हतं, म्हणून मी काहीच बोलले नाही. त्यांनी एकच हाक मारली होती. दुसरी मारली नाही, ते थांबले. मान कलती करून, श्वास धरून, त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता तरी. मग आतून आईचा आवाज आला, धारदार, "घरात कोणी नाही." आणि तो संपतो न संपतो तोच, दाराच्या अगदी मागून, ओ.

"दिली का?" आप्पांनी विचारलं.

दिली, मी म्हणाले.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. आत दिवा मालवला. कुणीतरी कुणाला तरी हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, त्याची पावलं मला ऐकू आली. दार उघडलं नाही. मी आप्पांच्या दंडाला धरलं, चला म्हणून. ते हलले नाहीत. "ओ दिलीय तिनं," ते म्हणाले, "आता कसं जायचं?"